धुराड्याचे मोजमाप : हवा प्रदूषण नियंत्रण कायद्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ साली संमत झाला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत भारताने घेतलेल्या सहभागाचा उल्लेख त्याच्या उद्देशिकेतच आहे. या अधिनियमावर गेल्या चार दशकांत पुष्कळ लेखन झाले असून त्याचा सूर बहुधा दोहोंपैकी एक असतो. कायदा उत्तम, अंमलबजावणी मात्र ढिली, हा पहिला. आणि कायदाच बोथट, सबब शिक्षा वाढवावी, हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर 'पर्यावरण अभ्यास' हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य होत गेला. त्या विषयाच्या तासाला आपण प्राध्यापक मंडळीही अधिनियमाचे नाव, वर्ष व शिक्षेची मुदत सांगून पुढील प्रकरणाकडे वळतो, हे मान्य करावयास हरकत नसावी.

प्रस्तुत लेखाचा विषय कारखान्यातील उत्पादन प्रक्रियेतून होणारे वायुप्रदूषण एवढाच मर्यादित आहे. वाहने, चुली व शेतातील जाळपोळ यांचा विचार येथे केलेला नाही. या मर्यादेत दोन साधे प्रश्न विचारावयाचे आहेत. धुराड्यातून बाहेर पडणारे द्रव्य कोणत्या एककात मोजले जाते? आणि ते मोजणाऱ्याचा मेहनताना कोण देतो? नियमनाचे यशापयश शिक्षेच्या कठोरपणापेक्षा या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अधिक अवलंबून आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

कायद्याची भाषा

अधिनियमाचे शब्द बारकाईने वाचल्यास एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कलम २ मध्ये 'हवा प्रदूषक' या संज्ञेची व्याख्या करताना, जीवसृष्टीला वा मालमत्तेला अपायकारक ठरेल अशा संहतीत वातावरणात असलेला घन, द्रव वा वायुरूप पदार्थ, असा आशय मांडला आहे. संहती म्हणजे हवेच्या ठरावीक घनफळात त्या पदार्थाचे असलेले प्रमाण. व्याख्येत हा शब्द येणे स्वाभाविकच आहे, कारण फुफ्फुसाला जाणवते ती श्वासातील हवेची संहती. तथापि ही संहती वातावरणातील आहे, धुराड्यातील नव्हे. पुढे व्यवहारात मात्र हा शब्द वातावरणातून उचलून धुराड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला गेला, आणि त्या स्थलांतराची चर्चा फारशी झालेली नाही.

वस्तुतः अधिनियमाने तसे बंधन घातलेले नाही. राज्य मंडळाने कारखान्यांसाठी उत्सर्जनाची मानके ठरवावीत असे सांगणाऱ्या कलम १७ मध्ये, निरनिराळ्या कारखान्यांतून होणाऱ्या उत्सर्जनाचे परिमाण व घटक लक्षात घेऊन निरनिराळी मानके ठरविता येतील, असे स्पष्ट म्हटले आहे. 'परिमाण' हा शब्द येथे मोलाचा आहे. तसेच 'उत्सर्जन' या संज्ञेची व्याप्ती धुराडे व नळ यांच्यापुरती नसून 'अन्य कोणताही निर्गममार्ग' तीत समाविष्ट आहे. म्हणजे कच्चा माल ओतताना उडणारी धूळ, रिअॅक्टरचे झाकण उघडताच पसरणारी वाफ, छपराच्या फटींतून निसटणारा धूर, हे सर्व कायद्याच्या कक्षेत येते. नवा कायदा करा अशी मागणी करणाऱ्यांनी जुना एकदा सावकाश वाचावा, असे सुचवावेसे वाटते.

एककाचा प्रश्न

आता प्रत्यक्ष मानकाकडे वळू. धूलिकणांसाठी अनेक उद्योगांना लागू असलेली परिचित मर्यादा म्हणजे दर प्रमाणित घनमीटरला १५० मिलिग्रॅम. (तापमान व दाब ठरावीक धरून मोजलेले घनफळ ते प्रमाणित घनमीटर.) एका कारखान्याच्या धुराड्यातून ताशी १० हजार घनमीटर वायू बाहेर पडतो व दुसऱ्याच्या धुराड्यातून १ लाख घनमीटर, असे समजू. दोघेही नेमके १५० वर आहेत. पहिला दिवसाला ३६ किलोग्रॅम धूळ सोडतो, दुसरा ३६० किलोग्रॅम. मानकाच्या दृष्टीने दोघे सारखेच निर्दोष. त्यांच्या शेजारी असेच आणखी पन्नास कारखाने आले तरी मानक काहीच बोलत नाही, कारण त्याचा प्रश्न दरवेळी एकाच धुराड्यापुरता असतो. शिवाय वायूत बाहेरची हवा मिसळली की संहती उतरते, धूळ मात्र तेवढीच राहते. बॉयलरसारख्या ज्वलन यंत्रणांच्या बाबतीत ही पळवाट बंद करण्यासाठी मोजमापाची सांगड वायूतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाशी घातलेली आहे, हे नमूद केले पाहिजे. पण ज्या प्रक्रियेत काही जळतच नाही, तेथे अशी सांगड घालावयाची कशाशी?

धुराड्याच्या उंचीचे सूत्र याहून बोलके आहे. ताशी किती किलोग्रॅम सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो त्या संख्येचा ०.३ वा घात घेऊन त्याला १४ ने गुणावे, म्हणजे उंची मीटरमध्ये मिळते. किमान उंची ३० मीटर. या सूत्रानुसार उत्सर्जन दुप्पट झाले तर उंची सुमारे २३ टक्क्यांनी वाढवावी लागते. तेवढी वाढवली की सूत्राचे समाधान होते. वायू कमी झालेला नसतो. तो दूरवर, अधिक माणसांत, थोडा थोडा वाटला गेलेला असतो. आपल्याकडील सार्वजनिक चर्चेत उंच धुराडे हे अजूनही जबाबदार कारखान्याचे लक्षण समजले जाते, हे एक नवलच.

या विचाराचे मूळ शोधू गेल्यास एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडकडे जावे लागते. तेथे लेब्लांक पद्धतीने सोडा तयार करणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू मोकळा सोडत आणि भोवतालची शेते व झाडे करपून जात. १८६३ च्या अल्कली कायद्याने या वायूपैकी ९५ टक्के भाग कारखान्यातच शोषून घेणे बंधनकारक केले. रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ त्याचे पहिले निरीक्षक झाले. बहुतेक कारखान्यांनी ही अट लवकरच पूर्ण केली, पण हवा अपेक्षेइतकी सुधारली नाही. ५ टक्क्यांची सूट मोठ्या कारखान्याला मोठी सूट ठरते, आणि कारखाने वाढत गेले की सुटींची बेरीजही वाढते. १८७४ च्या दुरुस्तीने दर घनफूट वायूत ०.२ ग्रेन (आजच्या एककात घनमीटरला सुमारे ४५८ मिलिग्रॅम) ही संहतीची मर्यादा आणली व 'व्यवहार्य असे सर्वोत्तम उपाय' योजण्याचे बंधनही घातले. टक्केवारीची जागा संहतीने घेतली खरी; परंतु आमच्या गावाच्या हवेत एकूण किती ओतले जात आहे, हा प्रश्न दोन्ही वेळा अनुत्तरितच राहिला. संहतीची तीच मोजपट्टी आपल्याही पदरी आली आहे.

एकूण भाराचे मोजमाप अव्यवहार्य आहे, असा आक्षेप या ठिकाणी घेतला जाईल. त्याचे उत्तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांतच सापडते. त्यांतील तक्त्यात धूलिकणांसमोर घनमीटरला मिलिग्रॅम असे एकक असते. परंतु सल्फर डायऑक्साइडसमोर पुष्कळदा दिवसाला किलोग्रॅम असे असते. इंधन किती व त्यात गंधक किती हे ठाऊक असले की तो आकडा काढता येतो. एकाच कागदावर एका प्रदूषकाला भार लागू होतो आणि दुसऱ्याला केवळ संहती. याखेरीज पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार संमतीस पात्र प्रत्येक कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र सादर करावयाचे असते. त्याच्या 'क' भागात प्रत्येक प्रदूषकाची संहती आणि दिवसाकाठी बाहेर पडणारे वस्तुमान असे दोन्ही आकडे विचारलेले आहेत. म्हणजे भाराचा आकडा गेली तीस वर्षे कायद्याने मागितला जात आहे. तो केवळ नियमनाचा पाया बनलेला नाही.

या उणिवेचे परिणाम कोण भोगतो, हे पाहण्यासाठी वस्त्यांकडे पाहावे लागेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवा, पाणी व जमीन मिळून सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८८ औद्योगिक समूहांपैकी ४३ 'अतिप्रदूषित' ठरले. त्यांत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई व तारापूर हीदेखील त्या यादीत होती. २०१८ च्या फेरीत तारापूरचा निर्देशांक ९३.६९ वर गेला व ते देशात पहिले आले. समूहातील प्रत्येक धुराडे कागदोपत्री १५० च्या आत आणि समूह मात्र धोक्याच्या पातळीपलीकडे, ही स्थिती आजच्या मानकपद्धतीत तर्कतः पूर्णपणे शक्य आहे. बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला या तर्काचा काय उपयोग?

येथे आणखी एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. १९९४ च्या राष्ट्रीय परिवेशी हवा गुणवत्ता मानकांत तरंगत्या धूलिकणांची वार्षिक मर्यादा निवासी भागासाठी १४० मायक्रोग्रॅम, तर औद्योगिक भागासाठी ३६० होती. औद्योगिक भागात जणू माणसे राहतच नाहीत, किंवा राहत असली तर त्यांची फुफ्फुसे निराळी असतात, असा त्याचा अर्थ होत होता. नोव्हेंबर २००९ मध्ये हा भेद रद्द झाला व औद्योगिक, निवासी आणि ग्रामीण भागांना एकच मानक लागू झाले. ही सुधारणा जितकी महत्त्वाची, तितकीच ती दुर्लक्षित राहिली. परिवेशी हवेचे मानक एक झाले, पण ते गाठण्यासाठी धुराड्यांच्या बेरजेला मर्यादा घालण्याचा पुढचा टप्पा आलाच नाही.

मोजणारा कोण?

एकक योग्य निवडले तरी आकडा लिहिणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच. कारखान्याच्या उत्सर्जनाची नियमित तपासणी बहुतांशी कारखान्यानेच नेमलेल्या व कारखान्याकडूनच शुल्क घेणाऱ्या प्रयोगशाळेमार्फत होते. परीक्षार्थ्याने परीक्षक निवडावा व त्याचे मानधनही द्यावे, अशी ही रचना आहे. आपल्या व्यवसायात ती कोणी क्षणभरही मान्य करणार नाही.

या रचनेचा काटेकोर अभ्यास शेजारच्या गुजरातेत झालेला आहे. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील मंडळाच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित पद्धतीने नेमलेल्या लेखापरीक्षकांच्या अहवालांत धूलिकणांचे आकडे १५० च्या किंचित खाली दाटीवाटीने गोळा झालेले आढळले. त्याच कारखान्यांची स्वतंत्र फेरतपासणी केली असता आकडे दूरवर विखुरलेले होते. प्रयोगातील काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यादृच्छिकपणे नेमून देण्यात आले, त्यांचे मानधन सामाईक निधीतून ठरावीक दराने दिले गेले आणि त्यांच्या मोजमापांची फेरतपासणी होत राहिली. एवढ्याने मर्यादा पाळल्याचा खोटा निर्वाळा देण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे त्या कारखान्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जनही कमी झाले. कायद्यात एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता, शिक्षा वाढलेली नव्हती.

याच गटाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास तितकाच उद्बोधक आहे. निरीक्षकांच्या भेटी वाढविल्या असता नोटिसा वाढल्या, उत्सर्जनात मात्र फारसा फरक पडला नाही. अनुभवी अधिकाऱ्यांना सर्वाधिक दोषी कारखाने आधीच ठाऊक होते व ते तेथे जातही होते. वाढीव भेटी सरसकट वाटल्या गेल्याने त्यांतून नवे असे थोडेच हाती लागले. 'मनुष्यबळ अपुरे आहे' ही मंडळांची नेहमीची तक्रार खरी आहेच. पण केवळ मनुष्यबळ वाढवून प्रश्न सुटेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

यंत्र बसविले की माणसाचा प्रश्न सुटेल, अशीही एक आशा असते. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ उद्योगप्रकारांना सतत मोजमाप करणारी ऑनलाइन यंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. दिशा योग्यच होती. तथापि यंत्र विकत घेणारा कारखानदार, त्याचे अंशांकन करून देणारा पुरवठादारही त्याच्याच करारावर. शिवाय अधिनियमाच्या कलम २६ नुसार नमुना घेताना कारखानदाराला जागेवर नोटीस द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुना घ्यावयाचा, पात्रावर दोघांच्या सह्या व मोहोर करावयाची आणि तो मान्य प्रयोगशाळेकडे धाडावयाचा. यात कसूर झाल्यास तो निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. ही तरतूद कारखानदाराच्या न्याय्य रक्षणासाठी आहे. पण ती बाटली व लाखेच्या काळातील आहे. पडद्यावर दर काही मिनिटांनी उमटणाऱ्या आकड्याला तिच्यात बसविणे दुष्कर आहे. परिणामी जो आकडा रात्रंदिवस उपलब्ध आहे तो इशाऱ्यापुरता राहतो, आणि खटला उभा राहतो तो वर्षातून एखाद्या दुपारी घेतलेल्या नमुन्यावर.

शिक्षा, दंड आणि किलोग्रॅम

१९८७ च्या दुरुस्तीने कलम ३७ खाली किमान दीड वर्षे व कमाल सहा वर्षे कारावासाची शिक्षा ठेवली गेली; कारखाना बंद करण्याचे, वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकारही कलम ३१-अ अन्वये मंडळाला मिळाला. ही दोन्ही शस्त्रे इतकी जड होती की ती उचलली जाण्यापेक्षा दाखविलीच अधिक गेली. वीज तोडली तर कामगारांचा रोजगार बुडतो. कारावासासाठी गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने यांपैकी अनेक उल्लंघनांची कारावासाची शिक्षा काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, आणि तो न्यायालयाऐवजी निर्णय अधिकाऱ्याने ठरवावा अशी योजना केली. या बदलावर 'उद्योगांना मोकळे रान' अशी टीका झाली. ती अर्धीच खरी वाटते. वापरलीच न जाणारी शिक्षा गेल्याचे दुःख फार करू नये. खरी हरकत वेगळी आहे : कारावासाची मुदत हवेत सोडलेल्या किलोग्रॅमवर अवलंबून नव्हती, आणि हा दंडही त्या प्रमाणात वाढेल अशी कोणतीही मोजपट्टी कायद्याने घालून दिलेली नाही.

पर्यावरणीय नुकसानभरपाईसाठी केंद्रीय मंडळाने दिलेले सूत्रही याच वळणाचे आहे. उद्योगाचा वर्ग (लाल ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०), उल्लंघनाचे दिवस, २५० रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि स्थान यांचा तो गुणाकार आहे. लाल वर्गातील मोठ्या कारखान्याला, स्थानाचा गुणक १ धरल्यास, दिवसाला ३० हजार रुपये पडतात. मर्यादेपेक्षा थोडी अधिक धूळ सोडणारा आणि शंभरपट सोडणारा असे दोन मोठे कारखाने या सूत्रापुढे समान आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळांना भरपाई आकारण्याचा अधिकार असल्याचा निर्वाळा देऊन २०१२ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने निर्माण झालेली अडचण दूर केली. अधिकार मिळाला, आता सूत्रात वस्तुमानाला स्थान देण्यास कोणाचा अडथळा आहे?

सुरतेचा प्रयोग या संदर्भात अपरिहार्यपणे आठवतो. तेथे २०१९ पासून सुमारे ३०० कारखान्यांच्या एकत्रित धूलिकण उत्सर्जनावर किलोग्रॅममध्ये मर्यादा घातली गेली व आपल्या वाट्याचे परवाने आपसांत खरेदी-विक्री करण्याची मुभा दिली गेली. सतत मोजमापाची यंत्रणा ही त्याची पूर्वअट होती. उत्सर्जनात २० ते ३० टक्के घट झाल्याचे या प्रयोगाच्या मूल्यमापनात आढळले. बाजाराच्या या भाषेविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात किंतु आहे. धूळ ही कार्बन डायऑक्साइडसारखी जगभर समान पसरत नाही. ती ज्या गल्लीत पडते त्या गल्लीचे नुकसान करते. एखाद्या गिरणीने भरपूर परवाने विकत घेतले तर शहराची बेरीज तीच राहील आणि तिच्या भिंतीलगतच्या वस्तीचा हिस्सा वाढेल. म्हणून शहराच्या बेरजेबरोबरच गल्लीचीही कमाल मर्यादा हवी. परंतु बेरीज करावयाची असते, हे तरी सुरतेने मान्य केले.

महाराष्ट्रात असा विचार करू लागल्यास पहिला विरोध लहान उद्योगांकडून होईल, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. कोल्हापूर परिसरातील फौंड्री व्यवसायाचे उदाहरण घेऊ. ताशी ३ टनांहून कमी क्षमतेच्या कपोला भट्टीला ४५० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या भट्टीला १५० मिलिग्रॅम, असा भेद मानकात आहे. लहान कारखानदाराला बॅग फिल्टरचा खर्च पेलत नाही, हे त्यामागील कारण. संहतीच्या दृष्टीने पाहता लहान भट्टी तिप्पट दोषी दिसते. भाराच्या दृष्टीने पाहिले तर आठवड्यातून दोन-तीन दिवस पेटणारी लहान भट्टी रोज चालणाऱ्या मोठ्या भट्टीच्या मानाने कितीतरी कमी धूळ सोडत असेल. म्हणजे भाराची मोजपट्टी लहानांच्या विरुद्ध जाईलच असे नाही; उलट ४५० चा आकडा पाहून त्यांच्यावर येणारा ठपका त्यामुळे हलका होण्याचा संभव आहे. मात्र शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या वसाहतीत अशा भट्ट्या एकमेकींना लागून पेटत असतील, तर त्यांची बेरीज कोणाच्या खात्यावर मांडावयाची, हे ठरवावे लागेल. सांडपाण्यासाठी अनेक वसाहतींत सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, त्यांची वर्गणी ठरली, भांडणेही झाली. हवा नळाने एकत्र आणता येत नसल्याने तसे केंद्र येथे शक्य नाही. पण वसाहतीचा एकत्रित भार जाहीर करणे व तो वर्षागणिक किती उतरावा हे ठरविणे शक्य आहे. त्यासाठी लागणारे आकडे दर ३० सप्टेंबरला मंडळाकडे येणाऱ्या विवरणपत्रांत आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या परिसरातील औद्योगिक वसाहतीची अशी विवरणपत्रे मिळवून त्यांतील वस्तुमानाच्या रकान्याची बेरीज करणे हा पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही झेपेल असा प्रकल्प आहे. त्यातील आकडे कारखान्याने स्वतः भरलेले असतात ही मर्यादा खरी. पण संहती, वायूचे घनफळ आणि चालू तास यांचा गुणाकार त्याच कागदावरील वस्तुमानाशी जुळतो की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ काही कळेल.